एकतीस मिलिमीटर

दुपारच्या सुट्टीत मुलं डबे खायला बाहेर गेली, तसं मी वर्कशॉपचं शटर अर्धं खाली ओढलं, खोक्यातून नवे बूट काढले आणि आधी अनवाणी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. डोक्यावर स्टीलची पट्टी आडवी धरली आणि पेन्सिलनं खूण केली. मग बूट घालून, नाड्या आवळून, तिथंच पुन्हा उभा राहिलो आणि दुसरी खूण केली. दोन खुणांमधलं अंतर मोजलं. एकतीस मिलिमीटर.

मी सोलापूरच्या आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचा निदेशक. मोजण्यातच माझा दिवस जातो, त्यामुळे दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवणं मला शक्यच नव्हतं. नवी पेठेतल्या त्या दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, ‘दोन इंच कुठं गेले नाहीत, साहेब.’ बूट होते बास्केटबॉलचे, घोट्याच्या वर येणारे, पांढरे आणि लाल. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी खेळाडू घालायचे तसले, ती फॅशन तेव्हा परत आली होती. टाचेपाशी तळवा व्हर्नियरनं मोजला तर छत्तीस भरत होता. पण आत पाय थोडा रुततो, वजनानं तळवाही दबतो, म्हणून अंगावर आले एकतीसच. त्यात मी टाचेखाली घालायची रबरी गादी आणली होती, तिचे तेरा. एकूण चव्वेचाळीस.

माझी उंची एकशे त्रेसष्ट सेंटीमीटर. म्हणजे पाच फूट चार इंच, वर थोडं. लग्नाच्या बायोडाटात ताईनं लिहिलं होतं पाच फूट सहा. चव्वेचाळीस मिलिमीटर मिळवले की मी पाच सहाला जेमतेम दोन मिलिमीटर कमी पडत होतो. एवढा फरक चालतो, असं मी स्वतःला म्हटल्याचं आठवतं. आमच्या कामात एवढ्या फरकाला मुलांनी लेथवर कातलेला जॉब नापास करतात.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी एकोणतिशीचा होतो. नोकरी सरकारी, घर स्वतःचं, सुपारीचंही व्यसन नाही, आणि तरी पाच ठिकाणांहून नकार आला होता. चार जणांनी पत्रिकेचं कारण दिलं. पाचव्या वेळी मुलीची मावशी आमच्याच दारात चपला घालता घालता आपल्या जावेला म्हणाली, ‘मुलगा चांगला आहे गं, पण शेजारी उभा राहिला की धाकटा भाऊ वाटतो.’ आई दाराच्या आतच होती. तिनं ते ऐकलं. नंतर चार दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. रागानं नव्हे, तिला माझ्याकडे बघवत नव्हतं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती आणि माझं लग्न एवढं एकच काम तिनं स्वतःसाठी राखून ठेवलं होतं.

बुटांची कल्पना ताईची. माझी थोरली बहीण वंदना, तिला व्यवहार कळतो. तीच म्हणाली, मुलगी घरात बघायचीच नाही. घरात म्हटलं की दारात बूट काढावे लागतात. आजकाल सगळे बाहेर भेटतात, आपणही हॉटेलात ठेवू.

बार्शीचं स्थळ आलं होतं. संध्याराणी राऊत. बी.फार्म. झालेली, गावातल्याच एका मेडिकल दुकानात काम करायची. वडील जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते, आता निवृत्त. स्थळ आणणारे देशमाने मामा दोन्ही घरांच्या ओळखीचे. ताईनं त्यांना भीतभीतच सांगितलं की भेट बाहेर ठेवू या. आपल्याकडची वडीलधारी माणसं अशा गोष्टीला नाक मुरडतात. पण तासाभरात उलटा फोन आला, मुलीकडच्यांना चालतंय, उलट बरंच झालं म्हणतात. ताई खूश झाली. मीही झालो. त्यांना बरं का वाटलं असेल, असा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही.

वैरागच्या अलीकडं एक गार्डन हॉटेल होतं, दोन्ही गावांना सोयीचं. रविवारी सकाळी अकराला आम्ही पोचलो. मी, आई, ताई आणि देशमाने मामा. संध्याराणी तिच्या वडिलांबरोबर आली होती. तिची आई लहानपणीच गेली होती. वडील, एकनाथ राऊत, तिचे आप्पा, मध्यम उंचीचे, सावळे, पांढरा शर्ट इस्त्रीचा पण कॉलर झिजलेली. आम्ही नमस्कार केला तेव्हा त्यांचे डोळे आणि माझे डोळे एका रेषेत होते. ते मला फार आवडलं. आयुष्यभर मी पुरुषांशी बोलताना हनुवटी थोडी वर उचलत आलो होतो. त्या दिवशी उचलावी लागली नाही.

ती दिसायला साधी होती. बोलताना समोरच्याकडं सरळ बघायची. आईनं विचारलं, स्वयंपाक येतो का, तर म्हणाली, ‘येतो. पण रोज उठून आवडतो असं नाही.’ आई हसली. पाच मुलींच्या वेळी मी आईला हसताना बघितलं नव्हतं. उपमा आला, चहा आला. देशमाने मामांनी दोन्ही घरांचं इतकं कौतुक केलं की चहा गार झाला. मग रीतीप्रमाणे ताई म्हणाली, तुम्ही दोघं जरा फिरून या.

फिरायला म्हणजे हॉटेलच्या मागची हिरवळ. तिथं माझी परीक्षा सुरू झाली. सपाट फरशीवर बूट ठीक होते, पण मऊ हिरवळीवर गादीमुळे टाच बुटातून वर यायला बघत होती. मी पावलं मोजून टाकत होतो. तीही हळू चालत होती. मला वाटलं, लाजते आहे. सिमेंटच्या बाकापाशी आलो तशी ती थांबली आणि बसली.

‘मला एक सांगायचंय,’ ती म्हणाली. ‘देशमाने मामांनी तुमच्या घरी सांगितलंय की नाही, मला शंका आहे. आप्पांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एक्स-रेसुद्धा दाखवला होता. पण सकाळपासून तुमच्या आईंच्या बोलण्यावरून वाटतंय की त्यांना माहीत नाही.’

मी म्हटलं, ‘कशाबद्दल?’

‘माझा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे. बावीस मिलिमीटर. नऊ वर्षांची असताना आप्पांच्या सायकलवरून पडले, मांडीचं हाड मोडलं आणि ते तसंच जुळलं.’

तिनं डावा पाय थोडा पुढं केला. बंद सँडल होती, तपकिरी. नीट बघितल्यावर कळलं की डाव्या सँडलचा तळवा जाड आहे. बाजूनं इतक्या सफाईनं रंगवला होता की शिवण दिसत नव्हती.

‘बार्शीत एक जण करून देतो,’ ती म्हणाली. ‘ही घातली की कुणाच्या लक्षात येत नाही. दुकानात दिवसभर उभी असते, काही त्रास नाही. पण घरात, अनवाणी, चाल दिसते. म्हणून हॉटेलात भेटायचं म्हटल्यावर आप्पांना हायसं वाटलं. मी म्हटलं, चालेल, पण मी स्वतः सांगणार. लग्न झाल्यावर कळण्यात अर्थ नाही.’

मी काय बोललो ते आठवत नाही. ‘बरं,’ असं काहीतरी म्हणालो असेन. बावीस मिलिमीटर हा आकडा मात्र डोक्यात बसला. लोक ‘जरासा’ म्हणतात, ‘थोडासा’ म्हणतात. तिनं आकडा सांगितला होता.

तिनं पाय मागं घेतला. मग तिची नजर माझ्या पायांकडं गेली आणि ती हसली. त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगेन.

‘तुमचे किती देतात?’

‘काय किती?’

‘बूट. उंची.’ ती म्हणाली. ‘मी माणसाच्या तोंडाआधी त्याच्या तळव्यांकडं बघते, सवयच लागलीय. राग मानू नका. मला त्याचं काही नाही. सहज विचारलं.’

एकतीस. आणि गादीचे तेरा. आकडे माझ्या जिभेवर होते. ते सांगून टाकले असते तर बहुतेक आम्ही दोघं हसलो असतो.

‘मी कॉलेजात बास्केटबॉल खेळायचो,’ मी म्हणालो. ‘तेव्हापासून असलेच वापरतो.’

बास्केटबॉल मी कधी हातातसुद्धा धरला नव्हता.

‘असं होय,’ ती म्हणाली आणि कुंपणाकडं बघायला लागली. थोड्या वेळानं आम्ही उठलो. परत येताना ती माझ्या दोन पावलं पुढं होती.

गाडी सोलापूरच्या रस्त्याला लागली. देशमाने मामा हॉटेलातूनच परस्पर वैरागला गेले होते. मागच्या सीटवर माझ्या शेजारी आई खुशीत होती. मुलगी बोलायला मोकळी आहे, तोंडावर एक पोटात एक असली नाही, असं ती दोनदा म्हणाली. ताईनं आरशातून माझ्याकडं बघून विचारलं, काय बोलणं झालं?

मला अजून त्या क्षणाचा रस्ता आठवतो. डाव्या हाताला द्राक्षाची बाग होती, तिच्यावर जाळी टाकलेली. मी म्हणू शकलो असतो, घरी गेल्यावर सांगतो. दोन दिवस विचार केला असता तर कदाचित काही वेगळं झालं असतं. पण तिचा तो प्रश्न माझ्या अंगात काट्यासारखा रुतला होता. तिनं मला बघितलं होतं. मी उघडा पडलो होतो, तेही जिच्यात स्वतःलाच खोट आहे अशा मुलीपुढं. असाच विचार केला मी, यातला एक शब्दही आज बदलून सांगत नाही.

‘ती लंगडी आहे,’ मी म्हणालो. ‘एक पाय आखूड आहे. जाड तळव्याची सँडल घालून लपवलंय त्यांनी.’

मग आई बोलायला लागली ती घर येईपर्यंत. फसवणूक, एवढा एकच शब्द तिच्या बोलण्यात फिरून फिरून येत होता. म्हणूनच घरी बोलावलं नाही त्यांनी, ती म्हणाली. हॉटेलात भेटायचं आमच्या ताईनं ठरवलं होतं, हे त्या वेळी कुणाला आठवलं नाही. ताईला आठवलं असावं. ती एकदाही बोलली नाही, नुसती गाडी चालवत राहिली. मुलीनं स्वतःहून सांगितलं, हे मी म्हणालो नाही. कुणी विचारलंही नाही.

आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. पाच वेळा मी नाकारला गेलो होतो. आता नकार मी देणार होतो, त्याला कारण होतं, आणि ते कारण माझ्या अंगावर नव्हतं.

आईनं त्याच दुपारी देशमाने मामांना फोन करून वाट्टेल ते सुनावलं. मामांनी हात झटकले, मलाही ठाऊक नव्हतं म्हणाले. मग आईनं वैरागच्या मावशीला सांगितलं, मोहोळच्या काकूला सांगितलं, देवळातल्या बायकांना सांगितलं. पाच वेळा खाली घातलेली मान तिला एकदाची वर करता आली होती. मी तिला थांबवलं नाही.

पुढच्या आठवड्याची गोष्ट. रविवार सकाळ, मी अंगणातल्या नळाखाली भाजी धुऊन आत नेत होतो, तेवढ्यात फाटक वाजलं. एकनाथ राऊत उभे होते. एकटेच. बार्शीहून पहिल्या गाडीनं आले असणार.

मी पुढं होऊन ‘या’ म्हटलं. माझ्या पायात काही नव्हतं. ते ओटीवर आले, चपला काढल्या आणि माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी सवयीनं सरळ बघितलं, तर तिथं माझं कपाळ होतं. मग त्यांची नजर खाली आली, माझ्या डोळ्यांवर, आणि तिथून आणखी खाली, माझ्या ओल्या पावलांवर. फार वेळ नाही, श्वास घ्यायला लागतो एवढाच. मग ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं नमस्कारसुद्धा केला नाही. राऊत तिच्याशी बोललेच नाहीत, माझ्याशी बोलले.

‘प्रफुल्लराव, तुम्ही नकार दिलात त्याबद्दल मी आलेलो नाही,’ ते म्हणाले. ‘तो तुमचा हक्क आहे. तुळजापूरचं एक स्थळ आहे. त्यांना पायाचं सगळं माहीत आहे, त्यांनी एक्स-रे बघितलाय आणि त्यांचं हो आहे. येत्या गुरुवारी बोलणी करायला येणार होते. काल त्यांचा निरोप आला. वैरागकडून त्यांच्या कानावर गेलंय की राऊतांनी सोलापूरच्या लोकांना फसवायला बघितलं. पाय आखूड आहे त्याचं त्यांना काही नाही. पण लबाड घर नको म्हणतात.’

आई म्हणाली, ‘मग खोटं काय त्यात? लपवलंतच की तुम्ही.’

राऊतांनी मान वर केली नाही. खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर तुळजापूरच्या माणसाचं नाव आणि फोन नंबर होता.

‘एक फोन करा,’ ते मला म्हणाले. ‘एवढंच सांगा की मुलीनं पहिल्या भेटीत, कुणी न विचारता, स्वतःहून सांगितलं. बाकी काही सांगू नका.’

आईनं माझ्याकडं बघितलं. ‘स्वतःहून सांगितलं तिनं?’ तिचा आवाज बदलला होता. ‘तू तर म्हणालास, लपवलंय.’

आता बोलायची वेळ माझी होती. राऊत वाट बघत होते. आई वाट बघत होती. मी हातातल्या मेथीच्या जुडीतून पाणी निथळताना बघत होतो.

‘तसं नेमकं काही झालं नव्हतं,’ मी म्हणालो. ‘विषय निघाला, मग बोलणं झालं.’

आईनं सुटकेचा श्वास सोडला आणि ती आत गेली. राऊतांनी तो कागद माझ्यापुढं धरला. पाण्याचा तांब्या तसाच होता, त्यांनी तो तोंडाला लावलाच नव्हता. मग उठले. मी कागद हातात घेतला आणि म्हणालो, ‘करतो फोन. उद्या करतो.’

त्यांनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही हे मला दिसत होतं. ओटीच्या पायरीवर बसून त्यांनी चपला घातल्या. मी त्यांच्या मागं उभा होतो. पाठ माझ्याकडेच ठेवून ते बोलले, आवाज अगदी खालचा, आतल्या आईला जाऊ नये असा.

‘तुमच्या बुटांचं तिनं मला त्याच दिवशी सांगितलं होतं. परत जाताना, गाडीत. पुढं असंही म्हणाली की आप्पा, हे कुणाजवळ बोलायचं नाही, त्यांना वाईट वाटेल. म्हणून मी आठ दिवस बोललो नाही. आत्ता तुमच्या आईंसमोर बोलणार होतो. पण तिला शब्द दिलाय.’

ते उठले आणि फाटक लावून गेले.

तुळजापूरचं स्थळ मोडलं. त्यानंतर संध्याराणीचं काय झालं, हे मी कुणाला विचारलं नाही. दोन-तीन वर्षांनी ताईच्या बोलण्यातून एवढं कळलं की तिनं बार्शीत स्वतःचं मेडिकल टाकलंय आणि आप्पा गल्ल्यावर बसतात. लग्नाचं ताई काही बोलली नाही, मीही खोदलं नाही. माझं लग्न पुढच्याच वर्षी झालं. बायको चांगली आहे. ती माझ्याहून बोटभर उंच आहे आणि त्यावरून आजवर एक शब्द बोललेली नाही.

तो फोन मी केला नाही. सोमवारी नंबर दोनदा लावला आणि वाजायच्या आत तोडला. बुधवारी दुपारी वर्कशॉपच्या मागं जाऊन पुन्हा लावला. तेव्हा पलीकडून कुणीतरी ‘हॅलो’ म्हणालंसुद्धा. एकच वाक्य सांगायचं होतं, मुलीनं स्वतःहून सांगितलं. ते मला तोंडपाठ होतं. पण ते ऐकल्यावर पलीकडचा माणूस सरळ विचारणार होता, मग इतकी सरळ मुलगी तुम्ही का नाकारलीत?

त्याचं उत्तर मला माहीत होतं. तो माणूस दोन-तीनदा ‘हॅलो, हॅलो’ म्हणाला, आणि मी फोन ठेवला.